चौकोनी कंसातला ‘मी’

४ फेब्रुवारी

चौकशी समितीची सचिव म्हणून माझी नेमणूक झाली. समितीत आमचे मुख्य अभियंता अध्यक्ष, एक निवृत्त प्राध्यापक आणि कामगार खात्याचे एक अधिकारी. सचिवाने जबाब नोंदवायचे, उतरवून काढायचे, अहवाल लिहायचा. काम सगळं, मत शून्य. मला ते बरं वाटलं. मत देण्याची मला हौस नाही.

प्रकरण असं. आमच्या मंडळाच्या शीतगृहात अमोनियाची गळती झाली. कॉम्प्रेसर खोलीचा ऑपरेटर एकटा आत गेला, मुख्य व्हॉल्व्ह बंद केला आणि बाहेर येऊन कोसळला. बाकी सगळे वाचले. तो रुग्णालयात आहे, कामावर परतण्यासारखा नाही. ठरवायचं ते एवढंच की दोष देखभालीचा की त्याचा. देखभालीचा ठरला तर कुटुंबाला मंडळाचं घर राहतं आणि मुलीला नोकरी मिळते. त्याचा ठरला तर दोन्ही जातं.

जुने अहवाल वाचून काढले. एका पहारेकऱ्याच्या तोंडी अवतरणचिन्हांत वाक्य आहे: ‘सदर इसम संशयास्पदरीत्या वावरताना मी पाहिला.’ कुठला पहारेकरी असं बोलतो? साक्षीदार काय म्हणाला आणि लिहिणाऱ्याने काय घातलं, हे कुठेच वेगळं काढता येत नाही.

म्हणून नियम लिहून दिला. साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे. अर्थ स्पष्ट करायला शब्द घालावा किंवा बदलावा लागला तर तो चौकोनी कंसात. गाळला तर चौकोनी कंसात तीन टिंबं. कंसाबाहेर साक्षीदार, कंसात आपण.

टायपिस्ट बाईंनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं. त्या या कार्यालयात माझ्या जन्माआधीपासून आहेत.

“म्हणजे आजपासून इथे कंसाचं राज्य.”

“नियम आहे, बाई.”

“राज्यच ते. आणि तू कंसमामी. शब्दांना धरधरून तुरुंगात टाकणार.”

जेवणाच्या सुट्टीपर्यंत नाव मजलाभर झालं. टोपणनाव अचूक असेल तर तक्रार कशाला.

६ फेब्रुवारी

रुग्णालयात जाऊन ऑपरेटरचा जबाब घेतला. दारात त्याची मुलगी होती, माझ्याच वयाची. म्हणाली, “बाबांना बोलताना त्रास होतो. नेमकं तेवढंच विचारा.” मी म्हटलं, मी नेहमी नेमकंच विचारते.

मोठ्या हाडापेराचा माणूस. घसा आणि छाती आतून भाजलेली. प्रत्येक शब्दानंतर श्वास गोळा करावा लागत होता. नाव, पाळी, व्हॉल्व्ह कसा बंद केला, हे झालं. गळती पाइपांच्या सांध्यावर झाली होती, दोन पाइपांच्या मधल्या गॅस्केटमधून. त्याने बोटांनी चकती काढून दाखवली आणि मग ती चकती फाडून दाखवली.

एवढ्यात परिचारिका आली. आता पुरे, म्हणाली. मी वेळ वाचवायला उरलेले दोन प्रश्न एकदम विचारले: गॅस्केट खराब असल्याचं आधी माहीत होतं का, आणि मास्क न लावता आत का गेलात?

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “सांगितलं होतं. ऐकलं नाही.”

मी म्हटलं, “समजलं, काका.”

त्याने मान टेकली आणि डोळे मिटले. रेकॉर्डिंग स्वच्छ आलं आहे. मास्कचं उत्तर वेगळं आलं नाही, ते उद्या विचारेन.

७ फेब्रुवारी

ऑपरेटर पहाटे गेला. आता हे सगळं तेवढ्याच जबाबावर.

९ फेब्रुवारी

जबाब उतरवला. माझे ‘हं’, ‘बरं’, ‘समजलं, काका’ हे शब्द गाळून तिथे [...] टाकलं. ते माझे शब्द, साक्षीदाराचे नव्हेत. अहवालात त्यांचं काम नाही.

शेवटच्या वाक्यापाशी बाईंचा हात थांबला.

“सांगितलं होतं, ऐकलं नाही. कोणी कोणाला?”

“तेवढंच म्हणाले ते.”

“तू होतीस ना समोर?”

“मी समोर असणं रेकॉर्डिंगमध्ये येत नाही.”

बाई म्हणाल्या, “धन्य आहेस,” आणि टाइप करायला लागल्या.

वाक्य खरोखर मजेदार आहे. यात कर्ता नाही, कर्म नाही, आणि क्रियापदावरूनही काही कळत नाही. ‘सांगितलं’ हे मी सांगितलं, त्याने सांगितलं, त्यांनी सांगितलं, सगळ्यांना सारखंच. दोन्ही क्रियापदं दोन्ही बाजूंना चालतात.

पहिला अर्थ: त्याने गॅस्केटबद्दल सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही.

दुसरा अर्थ: त्यांनी त्याला मास्कबद्दल सांगितलं होतं, त्याने ऐकलं नाही.

मी दोन प्रश्न विचारले होते. एका प्रश्नाला पहिला अर्थ बसतो, दुसऱ्याला दुसरा.

११ फेब्रुवारी

घरी आई स्वयंपाकघरातून बोलते, बाबा बाहेरच्या खोलीतून, आणि वाक्यं माझ्यातून जातात. दोघांचं भांडण आहे असं नाही. थेट बोलायची सवय कधीतरी मोडली, ती मोडलीच. आज आई म्हणाली, “त्यांना सांग, डोळे शाबूत असतील तर मोरीतला दिवा गेलाय तो बघा.” मी बाहेर जाऊन सांगितलं, “बाबा, आई विचारतेय, मोरीतला दिवा बदलाल का?” लहानपणापासून हे करते आहे. इथे कंस घालत नाही. घरात कोणी अहवाल वाचत नाही.

ते वाक्य आईला ऐकवून पाहिलं. कोणाचं, ते सांगितलं नाही. विचारलं, “यात सांगितलं कोणी?”

आईने कणीक मळता मळताच उत्तर दिलं. “बोलणाऱ्याने. ज्याने ऐकलं नाही तो कशाला बोलायला येईल? तो गप्प बसतो.”

बाहेरून बाबा म्हणाले, “तिला सांग, उलटही असू शकतं. माणसाला पश्चात्ताप होतो.”

आई म्हणाली, “त्यांना विचार, कधी झालाय?”

मी यातलं काहीच कोणाला पोचवलं नाही. दोघांनाही ऐकू गेलंच होतं. आईचं म्हणणं ऐकायला बरं आहे, पण तो पुरावा नव्हे.

१३ फेब्रुवारी

पाळीप्रमुखाचा जबाब झाला. माणूस घाम पुसत होता आणि खोलीत पंखा होता.

मास्कबद्दल: “शंभरदा सांगितलं असेल. तो गडी ऐकेल तर शपथ. म्हणायचा, मास्क लावला की वास कळत नाही, आणि वास कळला नाही तर गळती सापडत नाही.”

गॅस्केटबद्दल: “माझ्यापर्यंत काही आलं नाही. आलं असेल तर लेखी दाखवा.”

लेखी काही नाही. मी शीतगृहाची कपाटं स्वतः पाहिली. तिथल्या लोकांना विचारलं तर ते म्हणतात, लेखी कोण देतं, तोंडीच सांगायचं. सही करून कोणी सांगायला तयार नाही.

प्राध्यापक बैठकभर डुलत होते. कामगार खात्याचे अधिकारी पाळीप्रमुखाला म्हणाले, “शपथ इथे घेऊन झालीय, आणखी नको.” तेवढंच हसू झालं.

१६ फेब्रुवारी

मुख्य अभियंत्यांनी बोलावलं. त्यांना सगळे हळूसाहेब म्हणतात, कारण ते आवाज चढवत नाहीत आणि दर दोन वाक्यांमागे ‘हळू हळू’ म्हणतात. मसुद्यात ते वाक्य पेन्सिलीने अधोरेखित केलं होतं.

“हे बघा. कोणी सांगितलं, कोणी ऐकलं नाही? वाचणाऱ्याने काय कोडं सोडवत बसायचं?”

“त्यांचे शब्द तेवढेच आहेत, सर.”

“शब्दांना हात लावायचाच नाही. पण तुमचाच नियम आहे ना, स्पष्ट करायला घालावं लागलं तर चौकोनी कंसात? उत्तम नियम आहे. मी वरपर्यंत कौतुक केलंय.”

“कंसात काय घालायचं, हे पुराव्यावर ठरेल.”

“मग मी वेगळं काय म्हणतोय? मास्कबद्दल सांगितल्याचा जबाब आहे?”

“आहे.”

“गॅस्केटबद्दल सांगितल्याचा?”

“नाही.”

“झालं तर. हळू हळू विचार करा. मी काही सुचवत नाही.” मी दाराशी पोचल्यावर म्हणाले, “आणि तुमची कायम करण्याची फाइल माझ्याच टेबलावर आहे, बरं का. विसरलेलो नाही.”

हे दोन वेगळे विषय. त्यांनी एकातून दुसरा काढला नाही, हे मला आवडलं.

१८ फेब्रुवारी

पूर्ण दिवस त्या वाक्यावर गेला. मोकळं ठेवलं तर वाचणारा आपल्याला हवं ते भरतो, ते वाईटच. भरायचं तर नोंदींना धरून भरायला हवं. नोंदींमध्ये सांगितल्याचा पुरावा एकाच गोष्टीचा आहे. म्हणून:

“[मला] सांगितलं होतं. [मी] ऐकलं नाही.”

खाली तळटीप लिहिली: ‘मूळ विधानात कर्ता नाही. गॅस्केटसंबंधी सूचना साक्षीदाराने दिली होती आणि ती दुर्लक्षिली गेली, हा अर्थही तितकाच संभवतो. कंसातील शब्द समितीचे आहेत.’

यापेक्षा प्रामाणिक लिहिता येणार नाही. कंस म्हणजे लपवणं नव्हे. मी हात घातला तो कुठे घातला, हे उघड दाखवणं. ज्याला शंका येईल त्याने तळटीप पाहावी.

बाईंनी टाइप करून कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, “मेलेल्या माणसाच्या तोंडात दोन शब्द घातलेस.”

“कंसात घातले.”

“हो. तोंड धुऊन घातलेस.”

त्यांना नियम शेवटपर्यंत कळलाच नाही, असं वाटतं.

२६ फेब्रुवारी

अहवालाची अंतिम प्रत सहीला आली. तळटीप नाही. विचारलं. हळूसाहेब म्हणाले, सगळ्या तळटिपा परिशिष्टात एकत्र केल्या आहेत, वाचायला सोपं पडतं. परिशिष्ट वेगळं बांधलं आहे, मागितलं तर मिळतं.

तत्त्वतः काही गाळलेलं नाही. कंस जागेवर आहेत. सही केली.

निष्कर्ष: ‘दुर्घटनाग्रस्ताने वारंवार दिलेल्या सूचनांकडे दुर्लक्ष केल्याचे त्याच्या स्वतःच्या जबाबावरून स्पष्ट होते.’ हे वाक्य माझं नाही, अध्यक्षांचं आहे.

१२ मार्च

कायम झाले. हळूसाहेब उठून उभे राहिले, डोक्यावर हात ठेवला. “तू मला मुलीसारखी आहेस. इतकं काटेकोर काम या इमारतीत कोणी केलं नव्हतं.” आजवर ‘तुम्ही’ म्हणत होते.

घरी बाबा म्हणाले, “आईला सांग, पोरगी कायम झाली.” आई त्यांच्यासमोर उभी होती.

झोप नीट लागत नाही. उन्हाळा लवकर आलाय.

२ एप्रिल

लिफ्टशेजारी भित्तिपत्रक लागलं आहे. सुरक्षा सप्ताहासाठी प्रसिद्धी विभागाने केलं, सगळ्या शीतगृहांत जाणार आहे. वर ऑपरेटरचा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून. त्याखाली वीतभर अक्षरांत:

“मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.”

त्याखाली: तुम्ही तरी ऐका. मास्क लावा.

कंस नाहीत.

प्रसिद्धी विभागात गेले. तिथला चित्रकार पोरगेलासा, चहा पीत होता.

“यात कंस होते.”

“ते चौकटीसारखे? काढले. छपाईची चूक वाटते लोकांना. आणि वाक्याचा जोर जातो हो, मॅडम. बघा ना, आता कसं काळजाला भिडतं.”

“ते त्याचे शब्द नाहीत.”

“अहवालात अवतरणचिन्हांत आहेत.”

“अवतरणाच्या आतल्या कंसात.”

त्याने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे कुतूहलाने पाहिलं. “दोन शब्दांनी काय फरक पडतो, मॅडम?”

मी हळूसाहेबांकडेही गेले. ते म्हणाले, आता छापून झालंय, उगाच खर्च; आणि अर्थ तर तोच आहे, तूच काढलेला.

बाई लिफ्टपाशी उभ्या राहून बघत होत्या. मी मागे उभी आहे हे न वळता ओळखलं. “कंसाच्या तुरुंगात होते तोवर निदान दिसत तरी होते, कैदी आहेत म्हणून,” त्या म्हणाल्या. “आता सुटले आणि दुसऱ्याच्या घरात मालक होऊन बसले.”

४ एप्रिल

ऑपरेटरची मुलगी कार्यालयात आली. नोकरीचा अर्ज नामंजूर. महिनाअखेर घर सोडायची नोटीस. घरात आई, आणि आईचे आई-वडील. ती हे सगळं सांगायला आली नव्हती. मी विचारल्यावर सांगितलं.

“ते खाली लावलंय ते बाबा बोलले नाहीत.”

मी तिला अहवालातलं पान काढून दाखवलं. कंस दाखवले, नियम समजावला. कंसाबाहेरचं त्यांचं, आतलं आमचं. ती नीट ऐकत होती.

“म्हणजे ‘मला’ आणि ‘मी’ हे तुमचं.”

“समितीचं.”

“लिहिलं कोणी?”

“मी.”

ती पानाकडे बघत म्हणाली, “बाबा घरात ‘मी’ म्हणायचेच नाहीत. जेवलो. निघालो. दमलो. आम्ही चिडवायचो, तुमचा ‘मी’ कुठे गहाण टाकलाय? आणि ‘सांगितलं होतं, ऐकलं नाही’ हे तर रोजचं. छत्री ने म्हणून सांगितलं होतं, ऐकलं नाही. लवकर नीज म्हणून सांगितलं होतं, ऐकलं नाही. आम्ही त्यांच्या आधी म्हणून टाकायचो.”

“बोलताना आपण सगळेच ‘मी’ गाळतो,” मी म्हटलं. “त्यावरून काही सिद्ध होत नाही.”

“सिद्ध करायला आले नाहीये. त्यांचा आवाज ऐकायचाय. शेवटचं बोलणं तुमच्याशी झालं, आम्हाला काही बोललेच नाहीत नंतर.”

नातेवाइकांना रेकॉर्डिंग ऐकवायला मनाई नाही. मी लावून दिलं आणि खिडकीपाशी उभी राहिले. श्वास. माझा दुहेरी प्रश्न. पुन्हा श्वास. वाक्य. मग माझा आवाज, “समजलं, काका.”

तिने हात वर केला. मी थांबवलं.

“काय समजलं?”

“म्हणजे?”

“तुम्ही म्हणालात, समजलं. काय समजलं तुम्हाला?”

“ती बोलण्याची पद्धत असते. साक्षीदाराला बरं वाटावं म्हणून.”

“त्यांना वाटलं, समजलं. म्हणून थांबले.” ती ओरडली नाही, रडली नाही. “समजलं नव्हतं तर म्हणायचं होतं, काका, कळलं नाही. अजून दोन श्वास काढले असते त्यांनी. तेवढे होते त्यांच्याकडे.”

ती गेल्यावर बाईंनी पाण्याचा पेला आणून ठेवला. मी प्यायले नाही. तो तिथेच होता.

५ एप्रिल

मला काय समजलं होतं?

पहिला अर्थ समजला होता. त्याने सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. त्या क्षणी दुसरा अर्थ डोक्यात आलाही नव्हता. दुसरा अर्थ नवव्या तारखेला टेबलावर आला, व्याकरणातून. मी तो शोधला आणि मला माझं कौतुक वाटलं. मग हळूसाहेबांनी तो उचलला.

‘मी समोर असणं रेकॉर्डिंगमध्ये येत नाही.’ असं मी बाईंना म्हटलं होतं. येत होतं. मीच टिंबं घातली.

७ एप्रिल

समितीला निवेदन दिलं. जबाबाच्या वेळी सचिव या नात्याने मला पहिलाच अर्थ समजला होता. साक्षीदाराला तसं मी सांगितलंही, ते शब्द मी उताऱ्यातून गाळले. कंसातले शब्द माझे असून ते माझ्याच समजुतीच्या विरुद्ध आहेत. अहवाल आणि भित्तिपत्रक दुरुस्त करावं. तिन्ही सदस्यांना प्रती.

बाईंनी टाइप केलं. एकही विनोद केला नाही. शेवटी फक्त विचारलं, “कायम झालीस ना नक्की? हातात कागद आलाय ना?”

“आलाय.”

“मग ठीक. उशिरा का होईना.” हे कशाबद्दल म्हणाल्या, ते मी विचारलं नाही.

९ एप्रिल

हळूसाहेबांनी बसायला सांगितलं. रागावले नाहीत.

“साक्षीदार गेला. अहवाल स्वीकारला गेला. आणि सचिवाला आता अर्थ आठवला. लोक काय म्हणतील?”

“आठवला नाही, सर. तेव्हाही माहीत होता.”

“मग तेव्हा लिहिला का नाहीस?”

ते माझ्याकडे बघून हसले. “हळू हळू. बघतो मी काय करता येतं. त्या मुलीचंही काहीतरी बघायला हवं, नाही का?”

त्यांना मुलीबद्दल वाईट वाटतं आहे, हे नवीन. निवेदनाचा उपयोग झाला म्हणायचा.

प्राध्यापकांचा फोन आला. ते म्हणाले, “मी त्या दिवशी झोपलो नव्हतो हं, डोळे मिटून ऐकत होतो.” मग फोन ठेवून दिला.

घरी आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, “मी सांगितलं होतं,” आणि मला वाटलं आता पुढचं म्हणेल. म्हणाली नाही.

१५ एप्रिल

ऑपरेटरची मुलगी आज पुन्हा आली. या वेळी वरच्या मजल्यावरून, जिन्याने उतरून. हातात मंडळाचा लिफाफा.

मी उभी राहिले. म्हटलं, “निवेदन दिलंय मी. अजून उत्तर नाही, पण आज ना उद्या त्यांना घ्यावंच लागेल.”

“तेच सांगायला आले. मागे घ्या.”

तिने लिफाफा टेबलावर ठेवला, उघडला नाही. हळूसाहेबांनी सकाळी बोलावून घेतलं होतं. सहानुभूतीपूर्वक विचार करून नेमणूक: शीतगृहाच्या फाटकावर, गाड्यांच्या नोंदणीला. घर राहील. अट एकच, अहवालाबद्दल वाद शिल्लक असता कामा नये.

“तुमचा वाद नाहीच,” मी म्हटलं. “माझं निवेदन आहे.”

“मी पण तेच म्हटलं. ते म्हणाले, कोणाचाही वाद. अगदी गोड बोलत होते. म्हणाले, त्या मॅडम हुशार आहेत, तुझं ऐकतील.”

“पण मी लिहिलंय ते खरं आहे.”

“मला माहीत आहे खरं आहे. मला आधीपासून माहीत होतं. ते मला कळायची गरज नव्हती.” तिने खुर्ची ओढली आणि बसली. “तुम्ही लिहिलंत, बरं केलंत. तुम्हाला आता बरं वाटत असेल. पण आजी-आजोबांना घेऊन मी कुठे जाऊ ते त्यात लिहिलेलं नाही.”

“आणि ते भित्तिपत्रक?”

“फाटकावरही लावलंय. आत शिरताना समोरच दिसतं.” तिने लिफाफ्यावर हात ठेवला. “रोज बघेन. फोटो चांगला आहे तसा. आमच्याकडे एवढा मोठा नाही.”

मी विचारलं, थोडे दिवस थांबता येईल का. प्राध्यापक कदाचित बाजूने बोलतील, कामगार खात्याचे अधिकारीही. ती म्हणाली, लिफाफा संध्याकाळी पाचपर्यंतच चालतो. मग तिने टेबलावरचा कोरा कागद माझ्यापुढे केला. माझ्याच टेबलावरचा.

बाईंनी टाइप करणं थांबवलं होतं.

मी लिहिलं: ‘दिनांक ७ एप्रिल रोजी सादर करण्यात आलेले निवेदन मागे घेण्यात येत आहे.’

कागद तिच्याकडे वळवला. तिने वाचला, पुन्हा वाचला, आणि ‘येत आहे’वर बोट ठेवलं.

“कोण घेतंय?”

“खाली माझी सही आहे.”

“सही खाली आहे. वाक्यात कोण आहे?”

“कार्यालयीन पत्रं अशीच लिहितात.”

“असतील. पण मोकळी जागा ठेवू नका, मॅडम. मग कोणीतरी कंस घेऊन येतं. उद्या म्हणतील, तिनेच मागे घ्यायला लावलं.”

“तुम्हीच तर सांगताय मागे घ्यायला.”

“हो. पण घेणार तुम्ही.”

मी दुसरा कागद घेतला. ‘मी माझे निवेदन मागे घेत आहे.’ शाळेतल्या मुलीच्या वहीतलं वाक्य असावं तसं दिसत होतं. खाली सही केली, तारीख घातली.

तिने ते तोंडातल्या तोंडात वाचलं. पहिला शब्द मला ऐकू आला.

“आता बरोबर,” ती म्हणाली.

मी म्हटलं, वर मी नेऊन देते. ती नको म्हणाली. शाई वाळायची वाट पाहिली, कागद दुमडून लिफाफ्यात घातला आणि स्वतःच जिना चढून गेली. माझ्यावर सोडला नाही.